उत्तर अटलांटिकचा राईट व्हेल : अन्न सरकले, नियम मागे राहिले

सागरवेध

कॅनडा आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत वावरणाऱ्या उत्तर अटलांटिक राईट व्हेल या देवमाशाची संख्या आज साधारण ३८० च्या आसपास आहे आणि त्यांत पिल्लांना जन्म देऊ शकणाऱ्या माद्या जेमतेम ७० आहेत. या देवमाशाच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय करारानेच १९३५ पासून बंदी आहे. म्हणजे त्याला मारण्याची इच्छा कोणालाही नाही, त्याच्या मांसाला किंवा तेलाला बाजार नाही, त्याच्यासाठी कायदे आहेत, निधी आहे, वर्षानुवर्षे अभ्यास करणारी माणसे आहेत, आणि तरीही तो आपल्या डोळ्यांदेखत कमी होत गेला. हे असे का झाले, हे नीट मांडावे म्हणून हा धागा काढत आहे. मी नोव्हा स्कोशियात राहतो, त्यामुळे या विषयावरची चर्चा इथल्या बंदरांवर आणि स्थानिक बातम्यांत सतत कानावर पडते.

आधी प्राण्याची ओळख करून देतो. पूर्ण वाढलेला राईट व्हेल सुमारे १५ मीटर लांब असतो आणि त्याचे वजन ६० टनांच्या घरात जाते. पाठीवर पर नसतो, अंग काळे असते, आणि श्वास सोडताना दोन नाकपुड्यांतून उडणारा फवारा दोन फाट्यांत विभागलेला दिसतो. एवढ्या प्रचंड देहाचे मुख्य अन्न मात्र तांदळाच्या दाण्याएवढे आहे. कॅलॅनस फिनमार्किकस नावाचा हा कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारा सूक्ष्म कवचधारी जीव, वाढीच्या शेवटच्या टप्प्यांत आपल्या शरीरात तेलाची एक पिशवी भरून घेतो आणि ते तेल जपत खोल, थंड पाण्यात सुप्तावस्थेत जातो. राईट व्हेलला हवे असते ते हेच तेल.

तो तोंड उघडे ठेवून संथ पोहत राहतो. समोरून पाणी आत शिरते, वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी दोनशेहून अधिक असलेल्या बॅलीनच्या पट्ट्यांतून ते बाहेर पडते आणि पट्ट्यांच्या बारीक केसाळ कडांवर कोपेपॉड अडकतात. या पट्ट्या अडीच मीटरपर्यंत लांब असू शकतात. इतके मोठे तोंड उघडून पाणी कापत जाण्याला फार शक्ती लागते, म्हणून पाण्यात कोपेपॉड नुसते असून भागत नाही. एका घनमीटर पाण्यात ते हजारोंच्या संख्येने दाटलेले असले तरच खाण्यातून मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त ठरते. असे दाट थर समुद्रात सर्वत्र नसतात. भरतीओहोटीचे प्रवाह, तळाचा आकार आणि पाण्याच्या थरांची घनता जिथे जुळून येते तिथेच ते साचतात. राईट व्हेल कुठे असेल याचे उत्तर म्हणून बहुतेक वेळा एकच असते : जिथे कॅलॅनस दाटला आहे तिथे.

१९८० पासून बॉस्टनच्या न्यू इंग्लंड अॅक्वेरियमचे संशोधक कॅनडातील नोव्हा स्कोशियालगतच्या फंडीच्या उपसागरात या देवमाशांचा सलग अभ्यास करत आले आहेत. त्यातून एक वार्षिक फेरी स्पष्ट झाली होती. गरोदर माद्या हिवाळ्यात जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पिल्ले देत, हिवाळा सरता सरता अनेक देवमासे केप कॉडच्या उपसागरात येत, आणि उन्हाळा व शरदात त्यांतले बरेचसे फंडीचा उपसागर किंवा त्याच्या दक्षिणेचे रोझवे हे समुद्रतळावरचे खोरे गाठत. संरक्षणाचे नियम या फेरीवर बेतले गेले. २००३ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने फंडीच्या उपसागरातील जहाजमार्गच बाजूला सरकवला. संकटग्रस्त देवमाशासाठी जहाजमार्ग हलवण्याची ती जगातली पहिली वेळ होती. २००८ मध्ये रोझवे खोरे जहाजांनी टाळावे असे क्षेत्र ठरले, आणि त्याच वर्षी अमेरिकेने ठराविक क्षेत्रांत, ठराविक महिन्यांत, ६५ फूट वा त्याहून लांब जहाजांवर १० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटरची, वेगमर्यादा घातली. १९९० मध्ये सुमारे २७० असलेली संख्या २०१० पर्यंत ४८० च्या आसपास पोचली. वाढ संथ होती, पण वाढ होती.

त्यानंतर समुद्र बदलला. फंडीचा उपसागर ज्याचा भाग आहे, त्या अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या आखातात समुद्रतळावरच्या खोल खाचेतून येणारे पाणी अधिक उबदार होऊ लागले, आणि २०१० नंतर उन्हाळ्याच्या अखेरीस तिथे मिळणारा तेलाने भरलेला कॅलॅनस झपाट्याने घटला. देवमासे फंडीच्या उपसागरात येईनासे झाले. ज्या पाण्यात संशोधक वर्षानुवर्षे त्यांची छायाचित्रे घेत होते, तिथे आता आठवडेच्या आठवडे काहीच दिसेना. काही वर्षे ते कुठे जातात याचा पत्ता नव्हता. २०१५ पासून ते मोठ्या संख्येने उत्तरेकडे कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातात दिसू लागले.

त्या आखातात त्यांच्यासाठी काहीच तयारी नव्हती. माँट्रियलकडे जाणारी जहाजे तिथून पूर्ण वेगाने जात होती. स्नो क्रॅब या थंड पाण्यातल्या खेकड्याच्या मासेमारीचा हंगाम भरात होता आणि तळावरच्या प्रत्येक जड पिंजऱ्यापासून पृष्ठभागावरच्या बोयापर्यंत एकेक मजबूत दोर उभा होता. २०१७ च्या उन्हाळ्यात एकट्या कॅनडाच्या पाण्यात १२ राईट व्हेल मृत आढळले आणि अमेरिकेच्या पाण्यातले ५ धरून त्या वर्षीचा आकडा १७ झाला. पुढच्या हिवाळ्यात जॉर्जिया-फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एकही पिल्लू जन्माला आले नाही.

मला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. २००३ आणि २००८ चे नियम चुकीचे नव्हते. ते उत्तम अभ्यासावर आधारलेले होते आणि त्यांचा उपयोगही झाला. पण ते जागेला बांधलेले होते, आणि देवमासा जागेला बांधलेला नाही. तापणाऱ्या समुद्रात अन्न सरकले, अन्नामागे प्राणी सरकला, आणि संरक्षण नकाशावरच्या जुन्या चौकटीतच राहिले. उत्तरेकडच्या समुद्रांत यापुढे सस्तन प्राण्यांचे संरक्षण करायचे असेल तर नियमांनाही प्राण्यामागे चालता आले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मृत्यूचे दोन मार्ग आहेत, जहाजाची धडक आणि दोर. धडकेचा मृत्यू बहुतेक वेळा लवकर येतो. दोराचा मृत्यू महिनोन्महिने चालतो. तोंड उघडून पोहताना दोर बॅलीनच्या पट्ट्यांत शिरतो, प्राणी बिथरून गिरकी घेतो आणि दोराचे वेढे परांभोवती व शेपटीभोवती आवळले जातात. काही वेळा पिंजऱ्यांसकट तो हे ओझे ओढत शेकडो किलोमीटर जातो. अजून वाढ होत असलेल्या प्राण्यात दोर चरबीतून आत रुतत हाडापर्यंत पोचतो. ८५ टक्क्यांहून अधिक राईट व्हेलच्या अंगावर निदान एकदा तरी दोरात अडकल्याचे व्रण आहेत.

स्नो कोन नावाच्या मादीचे उदाहरण सांगतो. तिचे एक पिल्लू जून २०२० मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ मेलेले सापडले, आणि त्याच्या अंगावर दोन वेगवेगळ्या धडकांच्या जखमा होत्या. मार्च २०२१ मध्ये ती स्वतः दोरात अडकलेली दिसली. बचाव पथकांनी काही दोर कापला, पण जबड्यात रुतलेला भाग निघाला नाही. त्याच अवस्थेत डिसेंबर २०२१ मध्ये ती जॉर्जियाच्या किनाऱ्यावर नवजात पिल्लासह दिसली. पुढच्या उन्हाळ्यात ती सेंट लॉरेन्सच्या आखातात आढळली तेव्हा पिल्लू तिच्यासोबत नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील नँटकेट बेटाच्या दक्षिणेला ती शेवटची दिसली तेव्हा जुन्या दोरात नव्या दोराची भर पडली होती, अंग खंगले होते आणि आजारी राईट व्हेलवर पसरणाऱ्या नारिंगी उवांनी ती झाकली गेली होती.

अवनी_नाशिक

अत्यंत माहितीपूर्ण लेखन, धन्यवाद. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे एक प्रश्न लगेच मनात आला. सगळे राईट व्हेल काळेच असतील तर स्नो कोन ही स्नो कोनच आहे, हे वर्षानुवर्षे खात्रीने कसे सांगता येते? शिवाय ३८० हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला आहे की अंदाज आहे?

सागरवेध

अवनीताई, प्रश्न महत्त्वाचा आहे. राईट व्हेलच्या डोक्यावर, जबड्यावर आणि डोळ्यांच्या वर कातडीचे खरबरीत, उंचवट्याचे चट्टे असतात. त्यांवर पांढुरक्या उवा वस्ती करतात, म्हणून ते लांबूनही काळ्या डोक्यावर उठून दिसतात. या चट्ट्यांची मांडणी प्रत्येक प्राण्यात वेगळी असते आणि आयुष्यभर बरीचशी तशीच राहते. विमानातून, बोटीतून आणि आता ड्रोनमधून काढलेली छायाचित्रे न्यू इंग्लंड अॅक्वेरियमच्या सूचीशी ताडून पाहिली जातात. पंक्च्युएशन नावाच्या मादीचे नाव तिच्या डोक्यावरच्या स्वल्पविराम आणि रेघांसारख्या खुणांवरून पडले होते. तिने आठ पिल्लांना जन्म दिला होता, ती आजी झाली होती, आणि २०१९ मध्ये सेंट लॉरेन्सच्या आखातात जहाजाच्या धडकेने ती मेली.

एकूण संख्या हा सांख्यिकी अंदाज आहे. कोणता प्राणी कोणत्या वर्षी दिसला आणि किती वर्षे दिसला नाही, यावरून तो काढतात. याच पद्धतीने एक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली आहे : प्रत्यक्ष सापडणारे मृतदेह हे एकूण मृत्यूंच्या साधारण एक तृतीयांशच आहेत. बाकीचे समुद्रात बुडून जातात आणि त्यांचे कारण कोणत्याही नोंदीत येत नाही.

आपण शिक्षिका आहात म्हणून आणखी एक प्रयोग सांगतो, मुलांना आवडेल. राईट व्हेलची विष्ठा पाण्यावर तरंगते आणि तिला उग्र वास असतो. वासावरून ती शोधण्यासाठी फंडीच्या उपसागरात शिकवलेले कुत्रे बोटीच्या पुढच्या टोकावर बसवले जात. कुत्र्याचे नाक ज्या दिशेला वळेल त्या दिशेला बोट वळवायची, अशी ती पद्धत होती. विष्ठेतल्या संप्रेरकांवरून प्राणी गरोदर आहे का, तणावाखाली आहे का, हे समजते. ११ सप्टेंबर २००१ नंतर काही दिवस त्या पाण्यातली जहाजवाहतूक एकदम घटली आणि पाण्याखालचा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने उतरला. संशोधक रोझालिंड रोलंड यांच्या गटाने त्या दिवसांतले विष्ठेचे नमुने इतर वर्षांच्या नमुन्यांशी ताडून पाहिले, तेव्हा तणावाची संप्रेरके त्या शांत दिवसांत कमी असल्याचे दिसले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जहाज अंगावर आले नाही तरी त्याचा आवाज या प्राण्याला सोसावा लागतो, हे त्यातून पहिल्यांदा इतके थेट कळले.

दर्यावर्दी

मी व्यापारी जहाजांवर अधिकारी आहे आणि बॉस्टन, न्यूयॉर्क, सव्हाना या बंदरांना अनेकदा जाणे झाले आहे. जहाजाच्या बाजूने थोडे लिहितो.

१९९९ पासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राईट व्हेलसाठी दोन सक्तीची वार्ताक्षेत्रे आहेत, एक ईशान्येला आणि एक जॉर्जिया-फ्लोरिडाजवळ. ३०० ग्रॉस टनांवरच्या जहाजाने त्यांत शिरताना आपले स्थान, वेग आणि मार्ग कळवायचा असतो आणि उलट निरोपात अलीकडे देवमासे कुठे दिसले ते मिळते. हंगामी वेगमर्यादेची क्षेत्रे आम्ही प्रवासाची आखणी करतानाच चार्टवर उतरवतो. मध्य अटलांटिक बंदरांच्या तोंडाशी १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल १० नॉट, हे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला पाठ असते. जहाजाचा वेग एआयएस या जहाजाची ओळख आणि स्थान कळवणाऱ्या स्वयंचलित यंत्रणेवर सतत प्रसारित होत असल्यामुळे मर्यादा मोडली तर ती लपत नाही आणि दंड होतो.

ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, देवमासा बघून जहाज वळवता येईल, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ब्रिज पाण्यापासून वीस-तीस मीटर उंच असतो, पुढे कंटेनरच्या राशी असतात, प्राण्याच्या पाठीवर पर नाही आणि तो पृष्ठभागाच्या जरा खालीच पडून असतो. दिवसा, शांत समुद्रात, फवारा दिसला तर दिसला. रात्री आणि धुक्यात काहीच दिसत नाही. दिसला तरी भरलेले जहाज थांबायला कित्येक केबल (एक केबल म्हणजे सुमारे १८५ मीटर) अंतर लागते. म्हणून वेग आधीच कमी ठेवणे हाच एक उपाय आहे, असे मीही मानतो.

अडचणही सांगतो. आडवा वारा आणि जोराचा प्रवाह असताना १० नॉटला काही जहाजांचे सुकाणू नीट ऐकत नाही. अशा वेळी नियमात कॅप्टनला सूट आहे, पण कारण, वेळ आणि ठिकाण लॉगबुकात लिहावे लागते. दुसरी गोष्ट म्हणजे, देवमासे दिसल्यावर तात्पुरती जाहीर होणारी जी क्षेत्रे आहेत, त्यांतला वेग अमेरिकेत ऐच्छिक आहे. वेळापत्रकाचा ताण असलेले जहाज ऐच्छिक सूचनेसाठी हळू होत नाही. आपण म्हणता तसे नियमांनी प्राण्यामागे चालायचे असेल तर ती चाल सक्तीची असली पाहिजे.

सागरवेध

दर्यावर्दी, आपला अनुभव या धाग्याला फार मोलाचा आहे. वेगाबाबतचे गणित असे आहे : १५ नॉटला धडक बसली तर ती जीवघेणी ठरण्याची शक्यता सुमारे ८० टक्के असते, आणि वेग ९ नॉटच्या खाली आला की ती साधारण २० टक्क्यांवर येते. हे विश्लेषण २००७ चे आहे आणि १० नॉटचा आकडा अशाच कामावर उभा आहे.

लहान बोटींचा प्रश्न मात्र तसाच राहिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीनजवळ हौशी मासेमारीच्या ५४ फुटी एका बोटीची धडक बसून साधारण महिन्याचे पिल्लू मेले. बोटीतही पाणी शिरले आणि ती किनाऱ्याला लावावी लागली. बोट ६५ फुटांहून लहान असल्यामुळे तिला वेगमर्यादा लागूच नव्हती. २०२२ मध्ये ही मर्यादा ३५ फूट वा त्याहून लांब बोटींनाही लावण्याचा प्रस्ताव आला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. मला या निर्णयाचे मनापासून वाईट वाटते, कारण तो बोटीवरच्या माणसांच्याही सुरक्षिततेचा प्रश्न होता.

कॅनडाने २०१७ नंतर काय केले ते मूळ लेखात राहिले होते. आता सेंट लॉरेन्सच्या आखातात राईट व्हेल विमानातून दिसला किंवा पाण्यातल्या ध्वनिग्राहकाने त्याची हाक टिपली, तर आसपासचे क्षेत्र दोरांच्या मासेमारीला १५ दिवस बंद होते. या काळाच्या उत्तरार्धात तो पुन्हा आढळला तर आखातातले ते क्षेत्र उरलेल्या हंगामभर बंद राहते. जहाजांसाठीही काही पट्ट्यांत असाच, देवमासा आढळला की लागू होणारा सक्तीचा वेगनियम आहे. राईट व्हेलची हाक खालच्या स्वरातून वर चढणारी, एक-दोन सेकंदांची असते. रात्रीही ती ऐकता येते, त्यामुळे ब्रिजवरून जे दिसत नाही ते यंत्राला कळते. २०१९ मध्ये कॅनडाच्या पाण्यात पुन्हा ९ मृत्यू झाले, त्यानंतर नियम आणखी कडक केले गेले, आणि २०२० व २०२१ मध्ये तिथे एकही मृत्यू नोंदला गेला नाही. प्राण्यामागे चालणारे नियम शक्य आहेत, याचा हा माझ्या दृष्टीने सर्वांत भक्कम पुरावा आहे.

हर्णैकर

आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीतले आहे, त्यामुळे मी हे दुसऱ्या बाजूने वाचले. १५ दिवस क्षेत्र बंद, हे वाक्य लिहायला सोपे आहे. हंगाम मोजक्या आठवड्यांचा असतो, बोटीवरचे कर्ज, खलाशांचा वाटा, डिझेल आणि बर्फ यांचा खर्च थांबत नाही. देवमासा वाचला पाहिजे यात दुमत नाही, पण त्याची किंमत एकट्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, का मोजावी?

आपल्याकडे महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून एक योजना आहे. जाळ्यात डॉल्फिन, कासव किंवा देवमुशी (व्हेल शार्क) यांसारखा संरक्षित प्राणी सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला सोडले, तर मत्स्यव्यवसाय विभाग आणि कांदळवन कक्ष जाळ्याची भरपाई देतात, जास्तीत जास्त २५,००० रुपये. जाळे कापतानाचे छायाचित्रण दाखवावे लागते. जाळ्याची पूर्ण किंमत त्यात निघतेच असे नाही, तरी प्राणी सोडणाऱ्याच्या मागे शासन उभे आहे, एवढा विश्वास त्यातून वाटतो आणि म्हणून लोक जाळी कापतात. तिकडच्या शेवंडवाल्यांसाठी, म्हणजे लॉबस्टर पकडणाऱ्यांसाठी, असे काही आहे का?

सागरवेध

हर्णैकर, आपला प्रश्न अगदी रास्त आहे आणि इथल्या बंदरांवरही तोच विचारला जातो. मच्छीमारांबद्दल आधी एक सांगतो. १० जुलै २०१७ रोजी सेंट लॉरेन्सच्या आखातात दोरात अडकलेल्या एका राईट व्हेलला सोडवताना जो हाउलेट यांचा मृत्यू झाला. शेवटचा दोर कापला गेला, देवमासा मोकळा झाला आणि त्याच क्षणी त्याच्या शेपटीचा तडाखा त्यांना बसला. हाउलेट स्वतः कँपोबेलो बेटावरचे लॉबस्टर पकडणारे मच्छीमार होते आणि तिथल्या बचाव पथकाच्या संस्थापकांपैकी एक होते. देवमासे विरुद्ध मच्छीमार अशी मांडणी मला त्यामुळेच मान्य नाही.

इथला प्रश्न आपल्याकडच्यापेक्षा एका बाबतीत वेगळा आहे. कोकणात प्राणी जाळ्यात सापडतो तेव्हा बोट बहुधा जवळ असते, म्हणून सोडण्याचा निर्णय तांडेलाच्या हातात राहतो. इथे पिंजरा टाकून बोट निघून गेलेली असते. देवमासा दोर घेऊन जातो आणि कोणाचा दोर होता हे अनेकदा शेवटपर्यंत कळत नाही. त्यामुळे सोडवल्याबद्दल भरपाई देऊन फारसे साधत नाही, दोरच बदलावा लागतो. १९९० च्या दशकापासून दोर अधिक मजबूत झाले, आणि जखमा अधिक गंभीर होत गेल्या. १,७०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ७७० किलोंच्या ताणाला तुटणारे दोर वापरले तर मोठा देवमासा ते तोडून सुटू शकतो, असे अभ्यास सांगतात. २०२१ च्या अमेरिकी नियमाने उभ्या दोरांत असे कमकुवत जोड घालणे आणि एका दोरामागे अधिक पिंजरे लावणे सक्तीचे केले. त्यानंतर वाद न्यायालयात आणि संसदेत गेला, आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्याने मेनच्या लॉबस्टर मासेमारीवरचे पुढचे नवे निर्बंध २०२८ च्या अखेरीपर्यंत लांबणीवर पडले. सहा वर्षे ही सत्तर माद्यांच्या हिशेबात फार मोठी मुदत आहे.

तेजस_पुणे

समाजमाध्यमांवर वारंवार असे वाचायला मिळते की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर देवमासे मरतात ते समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या सर्वेक्षणामुळे. यात कितपत तथ्य आहे?

सागरवेध

अमेरिकेच्या सागरी मत्स्यसेवेची भूमिका स्पष्ट आहे : पवनचक्क्यांच्या जागांच्या सर्वेक्षणातून होणाऱ्या आवाजामुळे मोठे देवमासे मेल्याचा कोणताही शास्त्रीय पुरावा नाही. राईट व्हेलच्या ज्या मृत्यूंचे कारण तपासता आले आहे, त्यांत धडक आणि दोर हीच कारणे पुन्हा पुन्हा येतात. खांब ठोकण्याचा आवाज, वाढणारी बोटींची ये-जा आणि नँटकेटच्या दक्षिणेला हे देवमासे आता जवळजवळ वर्षभर आढळतात ही वस्तुस्थिती, यांकडे लक्ष ठेवणे आवश्यकच आहे. परंतु सिद्ध झालेली दोन कारणे समोर असताना चर्चा तिसरीकडे वळवली जाते, तेव्हा त्या दोन कारणांवरचे काम मागे पडते.

क्षितिजा

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. उत्तरेकडच्या समुद्रांतले सगळेच मोठे देवमासे असे संकटात आहेत का? आणि ही एक जात नाहीशी झाली तर त्या समुद्राच्या परिसंस्थेत नेमका काय फरक पडेल?

सागरवेध

सगळे नाहीत, आणि त्यातला फरक फार बोलका आहे. राईट व्हेलचा जवळचा नातेवाईक असलेला बोहेड व्हेल आर्क्टिक समुद्रात राहतो. अलास्काच्या उत्तरेकडच्या बोहेडांची व्यापारी शिकारीने दैना केली होती. आज त्यांची संख्या दहा हजारांच्या वर गेली आहे, आणि विशेष म्हणजे तिथले मूळ रहिवासी इनुपियाट लोक आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने ठरवलेल्या मर्यादेत आपल्या उपजीविकेसाठी त्यांची शिकार आजही करतात. २००७ मध्ये अलास्कात मारलेल्या एका बोहेडच्या अंगात एकोणिसाव्या शतकातल्या स्फोटक भाल्याचा तुकडा सापडला होता, म्हणजे तो प्राणी शंभराहून अधिक वर्षे जगला होता. ज्याची मोजून शिकार होते तो वाढतो आहे, आणि ज्याची नव्वद वर्षे कोणी शिकार केलेली नाही तो २०१० नंतर घटला आहे. बोहेडच्या घरात आजवर जहाजे आणि दोर कमी होते, हे त्यामागचे मोठे कारण आहे. बर्फ वितळून तिकडेही जहाजमार्ग खुले होत आहेत, तेव्हा त्याची काळजी आताच घ्यावी लागेल.

राईट व्हेलच्या आयुर्मानाबद्दलचे २०२४ चे विश्लेषण वाचून मी बराच वेळ सुन्न झालो होतो. दक्षिण गोलार्धातल्या राईट व्हेलचे मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे प्राणी जे वय ओलांडतात ते, ७३ वर्षे येते आणि काही प्राणी १३० च्या पुढे जात असावेत. उत्तर अटलांटिकमध्ये तोच आकडा २२ वर्षे आहे. जी मादी दर तीन वर्षांनी पिल्लू देऊ शकते, ती इथे दोरांच्या जखमा आणि अपुरे अन्न यांमुळे सहा ते दहा वर्षांनी देते. आजचे प्राणी १९८० च्या दशकातल्या प्राण्यांपेक्षा सरासरी मीटरभर आखूड भरतात, कारण वाढीसाठी लागणारी शक्ती दोर ओढण्यात आणि जखमा भरण्यात जाते.

परिसंस्थेचे उत्तर मेनच्या आखातातूनच देता येते. देवमासे खोलवर खातात आणि विष्ठा पृष्ठभागाजवळ सोडतात. त्यातला नायट्रोजन उन्हाच्या थरात परत येतो, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, आणि त्यांवर कॅलॅनससारखे जीव जगतात. २०१० च्या एका अभ्यासानुसार त्या आखातात देवमासे आणि सील मिळून वर्षाला सुमारे २३,००० टन नायट्रोजन वर आणतात, आणि हे प्रमाण तिथल्या सगळ्या नद्यांनी मिळून आणलेल्या नायट्रोजनपेक्षा जास्त आहे. यात राईट व्हेलचा वाटा आज लहान आहे, कारण तेच थोडे उरले आहेत. पण कॅलॅनसवर हेरिंग मासाही जगतो आणि हेरिंगवर कॉड मासा, पफिन पक्षी, हंपबॅक देवमासा असे अनेक प्राणी अवलंबून आहेत. राईट व्हेल ज्या अन्नामागे उत्तरेला गेला, ते अन्न कमी झाल्याचा परिणाम या सगळ्यांवर होतो आहे.

हर्णैकर

दोराशिवाय पिंजरे टाकण्याचे तंत्र आले आहे असे ऐकले. ते कसे चालते आणि प्रत्यक्ष बोटीवर परवडते का?

सागरवेध

होय. त्यात पिंजऱ्याबरोबर दोर आणि बोया गुंडाळलेल्या अवस्थेत तळावरच राहतात, किंवा हवेने फुगणारी पिशवी असते. बोट जागेवर आली की पाण्यात ध्वनिसंकेत सोडते, तळावरची कडी सुटते आणि बोया वर येतो. पाण्यात दोर उभा राहतो तो फक्त पिंजरा ओढण्याच्या काही मिनिटांपुरता.

अडचणी दोन आहेत. साध्या दोर-बोयाच्या तुलनेत प्रत्येक संच फार महाग पडतो. दुसरे, पृष्ठभागावर बोया नसल्यामुळे शेजारच्या बोटीला आपले पिंजरे कुठे आहेत ते दिसत नाही आणि एकाची ओळ दुसऱ्यावर पडू शकते. त्यासाठी पिंजऱ्यांची जागा सर्व बोटींच्या पडद्यावर दाखवणारी सामाईक प्रणाली उभारली जात आहे. खर्चाच्या बाबतीत, कॅनडात आणि अमेरिकेतही मच्छीमारांना ही उपकरणे उसनी देणारी केंद्रे आहेत. सेंट लॉरेन्सच्या आखातात अशी उपकरणे वापरणाऱ्या काही स्नो क्रॅब बोटींना, देवमाशांमुळे बंद झालेल्या क्षेत्रातही प्रायोगिक परवान्यावर मासेमारी करू दिली जाते. आपल्या पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे किंमत कोणी मोजावी याचे, आजवरचे सर्वांत चांगले उत्तर मला या परवान्यांत दिसते. क्षेत्र बंद झाल्यावर इतर बोटी बंदरात उभ्या असतात, आणि ज्याने उसन्या उपकरणांवर हात बसवला आहे तो त्याच पाण्यात खेकडे पकडत असतो.